पहिल्या लॉटची गाडी

कापडाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या एका लूमच्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं ग्रे कापड तपासतोय. ग्रे म्हणजे मागावरून नुकतं उतरलेलं, अजून रंग न लागलेलं कापड. खालून ट्यूबलाइट लावलेलं काचेचं टेबल असतं, त्यावरून ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, सरकत जातो आणि माझी बोटं त्यावरून फिरत राहतात. कुठे धागा तुटलेला असला, कुठे वीण विरळ झालेली असली, तर डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. नवीन पोरं भिंग लावून धागे मोजतात. मी चिमटीत धरून आकडा सांगतो, मग ते मोजतात, तोच निघतो. ही फुशारकी नाही. म्हणजे थोडी आहेच, पण खोटी नाही.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली होती, की पहिला लॉट तो पहिला लॉट. नवीन जात बाजारात आणताना माल पसंत पडावा म्हणून कारखानदार पहिला लॉट अगदी घट्ट विणून देतो. ऑर्डर लागली, नाव झालं, की मग हळूच आडवे धागे कमी होत जातात. तिसऱ्या-चौथ्या लॉटला तेच नाव, तोच रंग, पण अंगावर घेतलं की हलकं. गिऱ्हाइकाला कळत नाही. मला कळतं. म्हणून मी घरात पंखा घेतला तोही पहिल्या वर्षाचा, मिक्सर घेतला तोही जुन्याच मॉडेलचा, आणि दोन्ही अजून चालतात.

आता गाडीचं सांगतो. गाडी घ्यायचं कारण माझी माय.

आमचं मूळ गाव साक्री तालुक्यातलं. मी विशीत असताना वडील आम्हाला घेऊन सुरतला आले ते इथलेच झाले. गेले तेही इथेच. आम्ही राहतो पर्वत पाटियाच्या मागच्या एका सोसायटीत. वर्षातून एकदा, श्रावणात, गावी कानबाई बसते. नारळाची देवी करायची, तिला नथ घालायची, दागिने घालायचे, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. त्या आधी रोटांचे गहू दळायचे. आमच्या भाऊबंदकीत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घालतात. दूर राहणाऱ्यांनीही आपापल्या मुठी पाठवायच्या, सगळ्यांचे गहू एकत्र दळायचे आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे.

माय सात वर्षं गावी गेली नव्हती. तिला गाडी लागते. एसटी असो की भाड्याची जीप, बारडोली यायच्या आत तिच्या पोटात ढवळायला लागतं. शेवटच्या वेळी ती गेली तेव्हा दिवसभर ओकून एवढी गळून गेली होती, की कानबाई बसली त्या रात्री ती शेजारच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होती. गाणी तिला भिंतीतून ऐकू आली. त्यानंतर तिने जायचं नावच काढलं नाही. दर श्रावणात माझ्या नावाची सव्वा मूठ स्वतः मोजायची, फडक्यात बांधायची आणि गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायची. मग कानबाईच्या रात्री फोनवर व्हिडिओ लावून बसायची. नेट अडकलं की स्क्रीनवरच्या थांबलेल्या तोंडांकडे बघत तशीच बसायची.

गेल्या वर्षी फडकं बांधता बांधता ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "मूठ जास, मी ऱ्हाई जास." मूठ जाते, मी राहून जाते, एवढंच. मला ते फार लागलं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी तू स्वतः जायचंस, मी नेतो.

तिला डिझेलचा वास सोसत नाही, असं आमच्या घरात सगळेच धरून चाललो होतो. ज्या गाडीत डिझेलच नाही ती गाडी घ्यायची, म्हणजे प्रश्न मिटला. इलेक्ट्रिक गाडी ठरली. सेकंडहँडच घ्यायची हेही ठरलं. पर्वत पाटियाला एक ओळखीचे गृहस्थ जुन्या गाड्या विकतात, त्यांच्याकडे एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन पांढऱ्या गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक २०२१ सालातली, मॉडेल निघालं त्याच वर्षीची, एक २०२४ सालातली.

"भाई, बन्ने सरस छे," ते म्हणाले. "जुनी लेशो तोये वांधो नथी." म्हणजे जुनी घेतली तरी हरकत नाही.

माझ्याबरोबर माझी मुलगी होती. ती एका ऑफिसात कामाला आहे, गुजराती मैत्रिणींत वाढली, त्यामुळे तिच्या तोंडात तिन्ही भाषा एकदमच येतात. ती फोन काढून वाचायला लागली. "पप्पा, जुओ ने. नवीची बॅटरी मोठी आहे, तिला थंड ठेवायला आत पाणी फिरतं. जुनीची फक्त हवेवर. नवी चार्ज पण लवकर होते. आणि हिच्यात स्टिअरिंगच्या मागे दोन खटके आहेत, त्याने..."

"खटके कशाला पाहिजेत?" मी म्हणालो. "चांगल्या मालाला खटके लागत नाहीत."

मग मी माझ्या पद्धतीने तपासणी केली. दोन्ही गाड्यांचे दरवाजे लावून आवाज ऐकला. जुनीचा दरवाजा गच्च बसत होता, नवीचा जरा पोकळ वाजला. दारांची रबरं दाबून पाहिली. शेवटी सीटचं कापड चिमटीत धरलं आणि माझा निकाल लागला. जुनीचं कापड घट्ट विणीचं, दळदार होतं. नवीचं दिसायला चकचकीत, पण हातात घेतलं की सरळ कळत होतं, धागा बारीक केलाय. मी मुलीला तिथेच बोट लावून दाखवलं. "बघ. इथे कापलं, म्हणजे आत पण कापलंच असणार. पहिला लॉट."

"पप्पा, ही गाडी आहे. ताका नथी."

दोन्ही गाड्या मी स्वतः चालवून पाहिल्या. मला चालवायचा सराव आहे, कारखान्याचा टेम्पो मी पंधरा वर्षं अधूनमधून हाकलाय. जुनी माझ्या पायाखाली तयार वाटली. पाय दाबला की निघते, उचलला की थांबायला लागते. मी जुनी घेतली. मुलीने हात टेकले. नवी दुसऱ्याच दिवशी कुणीतरी नेली.

श्रावणाला अजून तीन आठवडे होते. रविवारी सकाळी मायला फेरी मारून आणायचं ठरलं, कडोदऱ्यापर्यंत जायचं आणि परत. तिने ठेवणीतली साडी नेसली, मागे खिडकीशी बसली, मुलगी माझ्या शेजारी. सोसायटीतून निघताना तिने काच खाली केली आणि शेजारणीला हात केला. मी आरशात बघत होतो. माझी छाती फुगली होती.

कडोदऱ्याच्या रस्त्यावर ट्रकांची रांग असते, ते काही नवीन नाही. दाबा, उचला, दाबा, उचला. अर्ध्या वाटेवर माझ्या खांद्यावर मायचा हात पडला.

"गाडी थांबाड."

रस्त्याच्या कडेला, एका पानाच्या टपरीसमोर, ती ओकली. मुलीने पाठीवर हात फिरवला, मी पाण्याची बाटली धरून उभा राहिलो. चूळ भरून ती तिथल्या दगडावर बसली. चेहरा कागदासारखा झाला होता. पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "वास तं नही येस रे भाऊ. मंग काबर व्हयनं?"

उत्तर मुलीने दिलं, आणि जरा हळू आवाजात दिलं, ते मला जास्त झोंबलं. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी स्वतःच मागे ओढल्यासारखी मंद होते आणि त्यातून थोडी वीज बॅटरीत परत जाते. जुन्या सालात ही ओढ कंपनीने ठरवून दिली तेवढीच, कमी-जास्त करता येत नाही. नव्या सालात ती कमी करता येते, पार बंदही करता येते. कशाने? स्टिअरिंगच्या मागच्या त्या दोन खटक्यांनी. मी पाय उचलला की मायचं डोकं पुढे, दाबला की मागे, असं सगळा रस्ताभर चाललं होतं. मला समोर बसून काहीच जाणवलं नव्हतं, कारण पाय माझाच होता.

मायने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "तू मांगे बठीसन दखं व्हतं का?"

नाही. बसलो नव्हतो. दोन्ही गाड्यांची रबरं दाबली, दारं वाजवली, सीटचं कापड मागच्या सीटवर वाकूनच तर तपासलं, पण एकदाही मागे बसलो नाही. अठ्ठावीस वर्षांत मी एकही ताका मागची बाजू न पाहता पास केलेला नाही. पुढून चांगलं दिसणारं कापड मागून कसं निघतं हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. मला लाज वाटली. त्या दगडासमोर उभं राहून खरोखर लाज वाटली.

मी गाडीवाल्या गृहस्थांना फोन केला, बदलून ती नवी मिळेल का म्हणून. "ए तो बीजे ज दिवसे गई, भाई," ते म्हणाले, जे मला माहीतच होतं. घरी आल्यावर मायने ठेवणीतली साडी घडी घालून ठेवली. संध्याकाळी डब्यातून गहू काढून निवडायला बसली, आणि एक फडकंही जवळ ठेवलं. ते फडकं बघून मला कळलं, की तिने या वर्षीही मूठ पाठवायचीच तयारी चालवलीय.

मी म्हणालो, "माय, फडकं ठेव. गाडी हीच आहे, पण मी पाय सुधारतो."

तिने माझ्याकडे बघितलं. मग उठली, स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणला, काठोकाठ भरला आणि म्हणाली, "हाऊ मना मांडीवर ठेवसू. पानी सांडनं नही तं मी येसू."

त्या दिवसापासून रोज कामावरून आलो की आमची परीक्षा. माय मागे, मांडीवर ताट, ताटात पेला. कॅनॉलच्या रस्त्याने जायचं आणि वळून यायचं. पहिल्या दिवशी अर्धा पेला सांडला. दुसऱ्या दिवशी थोडा कमी. तिसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्याच्या कृपेने सगळा. टेम्पोने माझा पाय पार बिघडवून ठेवला होता. डिझेलच्या टेम्पोत पाय उचलायचा म्हणजे झटकन उचलायचा, तसाच तो इतकी वर्षं उचलत आला, आणि आता माझं ऐकत नव्हता. माय उतरताना पदर पिळायची आणि सांगायची, "आज बी भिजनू." फेरी ओकल्याशिवाय झाली तरी ती मोजत होती पाणीच.

आठवड्याने मुलगी म्हणाली, "पप्पा, एक दिवस मला द्या ने."

तिने आयुष्यात डिझेलची गाडी चालवलेली नाही. गिअर नसलेली स्कूटर, आणि आता ही. तिने पाय असा उचलला, की उचलला हेच कळू नये. कॅनॉलचा रस्ता संपला, वळण झालं, स्पीडब्रेकर झाले, सोसायटीच्या गेटशी कुत्रं आडवं आलं. घरासमोर माय उतरली तेव्हा ताट कोरडं होतं. तिने तो पेला उचलून तिथेच सगळा पिऊन टाकला.

"गाडी चांगली शे रे भाऊ," ती मला म्हणाली. "तुना पाय खराब शे."

मी दोन दिवस गाल फुगवून बसलो. कारखान्यात एका पोराला उगाच झापलं. तिसऱ्या दिवशी मुलीला सांगितलं, गाडी तू चालव, मी मागे बसतो. हे म्हणायला मला जड गेलं, पण एकदा म्हटल्यावर पुन्हा मागे घेतलं नाही.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी निघालो. माय पुढे, मांडीवर पेला नव्हता, गव्हाची पिशवी होती. मी मागे, एकटा, गुडघे दुमडून. बारडोली गेली. माय काच थोडी खाली करून शेतं बघत होती. व्यारा गेलं. मुलगी मला आरशातून विचारत होती, "पप्पा, ठीक?" आणि मी ठीक म्हणत होतो.

सोनगडच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात चार्जर आहे. तिथे आम्ही गाडी लावली, आणि शेजारी येऊन लागली आमच्याच मॉडेलची २०२४ ची गाडी, तीही पांढरी. चालवणारे एक शिक्षक होते, नवापूरकडे निघालेले. मला राहवलं नाही. मी दोन्ही गाड्यांभोवती फिरलो, त्यांची परवानगी घेऊन मागे बसलो, त्यांना पार्किंगमध्ये एक चक्कर मारायला लावली. ते बिचारे हसत हसत तयार झाले. त्यांनी खटका दाबून ओढ बंद केली आणि गाडी नुसती वाहत गेली. मग त्यांची गाडी आमच्या नंतर लागून आमच्या आधी भरली, आणि हात करून ते गेलेसुद्धा. आमची अजून तापलेली, तिचा पंखा घोंघावतोय.

तेव्हा सांगून टाकतो. नवीच गाडी चांगली आहे. बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, आणि मागे बसणाऱ्याचा विचार तिच्यात केलेला आहे. गाडी करणारे पहिल्या लॉटमध्ये शिकतात आणि पुढच्या लॉटमध्ये दुरुस्त करतात. कापडवाल्यांचं उलटं असतं, आणि हे मला त्या हॉटेलच्या आवारात पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. पण सीटच्या कापडाबद्दल मी एक अक्षर मागे घेत नाही. ते मी पुन्हा चिमटीत धरून पाहिलं. हलकंच आहे.

कोंडाईबारीचा घाट लागला तसे चार्जचे आकडे भराभर उतरायला लागले, आणि माझ्या पोटातही काहीतरी उतरायला लागलं. पोरीचा काही दोष नव्हता, वळणंच तशी आहेत. मी समोरच्या सीटच्या शिवणीचे टाके मोजत होतो. मायने मागे न बघताच पिशवीतून एक लवंग काढली आणि हात मागे केला.

"तोंडमा धर. काच उघड. दूर दख."

मी लवंग धरली, काच उघडली, लांब डोंगराकडे बघत राहिलो. आयुष्यभर ती हेच करत आली होती आणि आम्ही पुढे बसून गप्पा मारत होतो. घाट चढून वर आलो तेव्हा दहिवेलच्या अलीकडे तिने विचारलं, "बरं वाटनं का?" मी मान हलवली. लवंग मात्र थुंकली नाही, तशीच धरून ठेवली.

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. माय दार उघडून स्वतः उतरली. साडी झटकली, चष्मा पुसला, आणि कुणाचा हात न धरता चुलत्यांच्या ओसरीपर्यंत चालत गेली. बायका धावत आल्या. कुणी पाणी आणलं, कुणी उशी आणली, तिला आत निजवायची तयारी सुरू झाली. "मले काय व्हयनं?" माय म्हणाली. "सूप कोठे शे?"

गाडीसाठी प्लग गावात एकाच ठिकाणी धड मिळाला, पिठाच्या गिरणीत. तिथे रोटांच्या दळणासाठी गिरणी धुवून पुसून ठेवलेली. गिरणीवाला म्हणाला, आधी कानबाईचं दळण, मग गाडी. मुलगी गाडी घेऊन तिथे दारात नंबर लावून उभी राहिली.

ओसरीवर सूप मधोमध होतं. एकेका घराची बाई येऊन आपापल्या माणसांच्या मुठी घालत होती, नाव घेऊन. मायची पाळी आली. तिने माझं नाव घेतलं, सव्वा मूठ घातली. आमच्या घरात पुरुष मी एकटाच. पिशवी बंद करायची ती वेळ. पण मायचा हात पुन्हा पिशवीत गेला. तिने भरलेली एक मूठ घातली, मग पाव आणखी, आणि माझ्या मुलीचं नाव घेतलं.

सगळ्या बायका थांबल्या. चुलती म्हणाली, "अवं बाई, आंडेरनी मूठ नही ऱ्हास." आंडेर म्हणजे मुलगी.

"मले आठे जी लई उनी, तिनी मूठ शे," माय म्हणाली. जिने इथे आणलं तिची मूठ. आवाज चढवला नाही, मान वर केली नाही. वयाने तिथे सगळ्यांत मोठी तीच होती.  तिने दोन्ही हातांनी सूप उचललं, सात वर्षांनी, आणि माझ्यासमोर ठेवलं.

"खडा शे का दख. तुना हातले कळस."

मी मांडी घालून बसलो आणि बोटं गव्हांतून फिरवली, सगळे गहू एक झालेले, कुणाचे कुठले ते आता निवडता येणार नव्हते. मी नीट तपासले, वरचे आणि खालचेही. खडा निघाला नाही. मी सूप उचललं आणि गिरणीकडे निघालो, जिथे माझी पोर गाडीला टेकून आपला नंबर यायची वाट बघत उभी होती.